सोलापुरात शेअर सायकल-स्कूटरचा डेटा रस्ते आखायला वापरता येईल का? (प्रोजेक्टसाठी विचारतोय)

कंबरतलाव_कट्टा

नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज सोलापुरातच. प्रोजेक्टला विषय घेतलाय, शेअरिंगच्या (अ‍ॅपवर भाड्यानं मिळणाऱ्या) सायकली आणि ई-स्कूटरच्या डेटावरून शहरातले रस्ते कसे आखायचे. सर विषयाला हो म्हणाले पण "सोलापूर धरून कर, नुसतं परदेशातलं कौतुक नको" असंही म्हणाले आणि तिथंच घोडं अडलंय.

झालंय असं की न्यूयॉर्कच्या सिटी बाइक या शेअर सायकल सेवेच्या फाइली नेटवर फुकट मिळतात, २०१३ पासूनच्या आहेत, कुठल्या स्टेशनावरनं सायकल उचलली, कुठं लावली, किती वाजता, सगळं आहे. त्या उतरवून घेतल्या, त्याचा लालपिवळा हीटमॅप (गर्दी रंगात दाखवणारा नकाशा) पण झाला, मित्रांनी बघून वाहवा केली. पण त्यातनं आपल्या सात रस्ता चौकात काय करायचं ते कसं सांगणार? नवी पेठेत पार्किंग कुठं द्यायचं, विजापूर रोडला सायकल ट्रॅक कुठून कुठपर्यंत हवा, जुळे सोलापूरहून गावात येणाऱ्यांना कुठला रस्ता सोयीचा, हे मला काढायचंय आणि आपल्याकडचा असा खुला डेटा मला तरी सापडला नाही. दुसऱ्या शहराचा पॅटर्न उचलून इथं लावता येतो का? आणि समजा उद्या एखादी कंपनी आली शंभर-दोनशे गाड्या घेऊन, तर महापालिकेनं तिच्याकडं नक्की काय मागायचं? मागितलं तर लोकांच्या प्रायव्हसीचं काय, हा पण प्रश्न व्हायवाला येणार हे नक्की.

कुणी या क्षेत्रात असेल तर जरा सविस्तर सांगा. "गुगल कर" म्हणू नका, करून झालंय.

पुणेनाका_ते_पुणे

विषय चांगलाय. मी मूळचा शेळगीचा, सध्या पुण्यात ट्रॅफिक आणि रस्ते डिझाइनच्या कन्सल्टन्सीत आहे, त्यामुळे असल्या फाइलींशी रोजची गाठ. मोठं लिहितोय, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे डेटा डेटा म्हणतो तो एक प्रकारचा नसतोच. एक असतो "आत्ता कुठली गाडी कुठं उभी आहे" एवढंच सांगणारा, त्याचा फॉरमॅट जीबीएफएस, २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बाइकशेअरवाल्यांनी ठरवला, मुळात अ‍ॅपवर लोकांना जवळची सायकल दिसावी म्हणून. दुसरा तू उतरवलास तो, फेरीचा, सुरुवात कुठं शेवट कुठं. आणि तिसरा म्हणजे फेरी चालू असतानाचे जीपीएसचे ठिपके, गाडी प्रत्यक्षात कुठल्या रस्त्यानं गेली ते. हा तिसरा शहरांना मिळावा म्हणून लॉस एंजेलिसच्या वाहतूक विभागानं २०१८ मध्ये एमडीएस नावाचा फॉरमॅट काढला आणि कंपन्यांना सांगितलं की परमिट पाहिजे असेल तर यात डेटा द्या. २०१९ पासून तो एक वेगळी संस्था सांभाळते, ओपन मोबिलिटी फाउंडेशन.

आता तुझ्या हीटमॅपचं. सिटी बाइकच्या फाइलीत मार्ग नसतो. तू जर त्यावर रस्ते लाल झालेले दाखवत असशील तर ती रेघ तुझ्या सॉफ्टवेअरनं दोन स्टेशनांमधला जवळचा रस्ता काढून मारलीय, माणूस तिकडनं गेलाच असं नाही. आणि रस्त्याच्या कामात नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची असते, म्हणजे जवळचा रस्ता सोडून लोक लांबून का जातात. सात रस्त्याकडनं विजापूर नाक्याकडं सरळ जायच्या ऐवजी कोणी आतल्या कॉलनीतनं वळसा घालत असेल तर मेन रोडवर त्याला काहीतरी नकोय, ट्रक असतील, उलटे येणारे असतील, खड्डा असेल. तो वळसा दिसला तर डिझाइनला काहीतरी हाती लागलं. शॉर्टेस्ट पाथ काढून तो वळसाच पुसला जातो. व्हायवाला कोणी जाणकार आला तर पहिला बाण इथंच मारेल, तयारीत राहा.

उपयोग कसा होतो याचं एक धड उदाहरण देतो. अमेरिकेत पोर्टलंडनं २०१८ मध्ये ई-स्कूटर चार महिने ट्रायलवर आणल्या, ७ लाखांवर फेऱ्या झाल्या, सरासरी फेरी दोन किलोमीटरच्या आतली. शहरानं कंपन्यांचा डेटा घेतला, पण त्यावरच थांबले नाहीत, रस्त्यावर माणसं उभी करून पाहिलं की स्कूटरवाले फुटपाथवर कुठं चढतात. तर जिथं वाहनांचा वेग कमी होता किंवा स्वतंत्र संरक्षित लेन होती तिथं फुटपाथवर चढणं कमी झालं होतं. म्हणजे फुटपाथवर गाडी दिसली की आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही, पण बरेचदा तो रस्त्याबद्दलचा अभिप्राय असतो. हे नुसत्या जीपीएसमधनं कळत नाही बरं का, कारण जीपीएस पाच-दहा मीटर सहज इकडंतिकडं होतं, फुटपाथ की रस्ता हे त्याला धड सांगता येत नाही, आणि नवी पेठेतल्या बोळात तर समोरच्या दुकानात गाडी घुसलेली दाखवेल.

आणि ते दोन किलोमीटर लक्षात ठेव. स्टेशन ते नवी पेठ, पार्क चौक ते सात रस्ता असल्या फेऱ्या त्या पल्ल्यात बसतात. जुळे सोलापूर ते नवी पेठ नाही बसत. दुसऱ्या शहराचे आकडे इथं लावू नकोस, पण असली एखादी मोजपट्टी उसनी घ्यायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण शांघायचं. मोबाइक कंपनीच्या शेअर सायकलींच्या मार्गांवरनं लेन कुठं करायची याचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला होता. गंमत अशी की सगळ्यात जास्त सायकली जाणारे तुकडे निवडले तर लेनचे तुकडेतुकडे होतात, शंभर मीटर इथं, दीडशे तिथं. मग त्यांनी हिशोबात अट घातली की खर्च ठरलेला, लेन मात्र जोडलेली हवी आणि एकाच माणसाच्या फेरीचा जास्तीत जास्त सलग भाग लेनवर यायला हवा. आपल्याकडे जे ट्रॅक झालेत त्यांच्याकडं बघ आणि ही अट आठव, जास्त बोलत नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. नकाशावर जिथं शून्य आहे तिथं मागणी शून्य नसते. गाडीच उभी नसेल तर फेरी होणार कशी? सकाळी आठला चौकातल्या सगळ्या गाड्या उचलल्या गेल्या तर नवानंतर तिथं फेऱ्या दिसणारच नाहीत आणि रिपोर्टमध्ये येईल "नऊनंतर मागणी नाही". म्हणून फेऱ्यांबरोबर गाडी उपलब्ध होती का हेही बघावं लागतं, तिथं तो पहिला जीबीएफएसवाला प्रकार कामाला येतो.

जुनीमिल_पेन्शनर

हे सगळं ठीक आहे बाळा, पण आधी रस्ता तर राहू द्या जागेवर. एक पाइपलाइन झाली की दुसरी, ती बुजवली की केबल. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं तेव्हा पेढे वाटले होते आमच्या कट्ट्यावर. उड्डाणपुलाचं तर बोलूच नका.

आमच्या वेळी गिरणीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकली. डेटा वगैरे काही नव्हतं, भोंगा किती वाजता होतो हे माहीत असलं की गर्दी कधी होणार ते कळायचं. आता प्रत्येकाच्या बुडाखाली मोटारसायकल आहे आणि पोरं आठ घरं सोडून किराणा आणायला पण किक मारतात. भाड्याची सायकल घेणार कोण इथं? आणि एप्रिल-मेच्या ४३ डिग्रीत?

पुणेनाका_ते_पुणे

काका, भोंग्याचा मुद्दा तुम्ही गमतीत म्हणालात पण तोच खरा डेटा होता, वेळ आणि ठिकाण दोन्ही पक्कं. आणि उन्हाचं अगदी बरोबर. मे महिन्यात दुपारी मोजलं तर सोलापुरात सायकलच नाही असा निष्कर्ष निघेल, डिसेंबरात सकाळी मोजलं तर वेगळाच. एका महिन्याच्या डेटावर रस्ता आखायचा नसतो तो यासाठीच.

खोदाईचं पण डेटात येतं बरं. रस्ता तीन महिने उकरलेला असेल तर त्या काळात फेऱ्या शेजारच्या गल्लीत दिसतात आणि नकाशा बघणारा मुंबईतला माणूस म्हणतो वा, ही गल्ली लोकप्रिय दिसतेय. खोदाईच्या तारखा शेजारी ठेवल्याशिवाय असला नकाशा वाचूच नये.

लूम_आणि_लुना

काय मालक, सगळे अ‍ॅप अ‍ॅप करलालेत म्हणून लिहितो. आमचा टॉवेलचा कारखाना आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत. कामगार येतात कसे ते मी रोज गेटवर बघतो. बरेच जण स्वतःच्या सायकलवर, जुनी काळी सायकल, मागं डबा बांधलेला, पुढं ब्रेक एकच चालू. काही जण एका मोटारसायकलवर तिघं. बायका चालत नाहीतर शेअर रिक्षानं. यातल्या कुणाच्या सायकलला जीपीएस नाही आणि अ‍ॅपवर भाडं भरून कोणी सायकल घेणार नाही कारण घरात सायकल आहेच की. मग तुमच्या नकाशात हा माणूस आहेच कुठं? तुम्ही म्हणणार पार्क चौकात लेन पाहिजे, कारण तिथं कॉलेजची पोरं संध्याकाळी स्कूटर फिरवतात, आणि आमचा माणूस अशोक चौकातनं ट्रकच्या चाकाला चाक लावून येणार, वर्षानुवर्षं येतोय तसाच.

दुसरं म्हणजे कुंभारी. विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथं, दहा हजार घरं. पुढं रे नगर, त्यातली पंधरा हजार घरं २०२४ च्या जानेवारीत दिली, सगळी मिळून तीस हजार होणार. एवढी माणसं रोज शहराच्या दिशेनं हलतात आणि ही जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर. कंपनी आली तर तिच्या नकाशाची हद्द कुठं संपणार सांगा? फार तर एमआयडीसीच्या अलीकडं. मग तिथं शून्य फेऱ्या. वरती साहेबांनी सांगितलेला तोच सापळा, शून्य म्हणजे मागणी नाही असं लिहून मोकळे.

अ‍ॅप तेलुगूत पण असतं का विचारा जरा. पूर्व भागात आमच्या अर्ध्या लोकांना तेलुगू बरं पडतं.

शेंगाचटणी_बेंगळुरू

लूमवाले अण्णांशी शंभर टक्के सहमत. मी सोलापूरची, सॉफ्टवेअरमध्ये, गेली काही वर्षं बेंगळुरूला. इथं भाड्याच्या ई-स्कूटर रोज बघते. त्यातल्या कितीतरी गाड्यांवर ऑफिसवाले नसून डिलिव्हरीची पोरं असतात, दिवसभर, मागं पिशवी. त्यामुळे फेऱ्यांचा नकाशा बघून "इथं लोक कामाला जातात" म्हणणं धोक्याचं, कदाचित तिथं नुसती बिर्याणी जात असेल. फेरीची लांबी आणि एकाच गाडीच्या लागोपाठच्या फेऱ्या बघितल्या की हा फरक बराचसा कळतो.

अजून एक, याच्याबद्दल कोणी बोललं नाही. कंपनी अ‍ॅपमध्ये पार्किंगच्या जागा आखून देते, तिथंच गाडी लावली तर फेरी संपते, नाहीतर दंड. मग फेऱ्यांचे शेवट बघितले की सगळे त्याच जागांवर. समजा नवी पेठेच्या तोंडाशी एक जागा दिली आणि आत दिली नाही, तर डेटा म्हणेल लोकांना नवी पेठेच्या तोंडाशीच जायचंय. अरे, त्यांना आत साडीच्या दुकानात जायचंय, तू तिथं लावू देत नाहीस म्हणून ते चालत गेले. कंपनीनं आखलेलाच नकाशा कंपनी आपल्याला डेटा म्हणून परत देते. त्यामुळे कुठल्या महिन्यात कुठल्या जागा चालू होत्या, हद्द कुठपर्यंत होती, ही फाइल फेऱ्यांच्या फाइलीइतकीच महत्त्वाची आणि ती मागायचं कुणालाच सुचत नाही.

आता प्रायव्हसी, कारण तू विचारलंस. "नाव आणि मोबाइल नंबर काढून टाकला की झालं" हे तुझ्या रिपोर्टमध्ये लिहू नकोस. २०१३ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या जागांचा, त्यात माणूस कुठं आणि किती वाजता होता असे फक्त चार ठिपके मिळाले की ९५ टक्के लोक एकमेव ओळखता येत होते. सोलापुरात चार पण लागायचे नाहीत. रात्री साडेनऊला जुळे सोलापुरातल्या एका ठराविक कॉलनीच्या कोपऱ्यावर गाडी ठेवणारी मुलगी एकच असते आणि ती रोज सकाळी कुठल्या दवाखान्यापाशी गाडी सोडते हे शेजारच्या काकूंना सीएसव्ही (डेटाची फाइल) न उघडता पण कळेल.

तो जीबीएफएस दिसायला निरुपद्रवी वाटतो ना, फक्त उभ्या गाड्या दाखवतो? गाडी क्रमांक ७२ आत्ता इथं होती, ती यादीतनं गायब झाली, वीस मिनिटांनी तिकडं उगवली. झाली की फेरी तयार. दर मिनिटाला ती यादी साठवत बसलं की अख्ख्या शहराच्या फेऱ्या घरबसल्या मिळतात, कुणाची परवानगी न घेता. म्हणून २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून असा नियम आला की प्रत्येक फेरीनंतर यादीतला गाडीचा नंबर बदलायचा. करार करताना ही एक ओळ घातली तर बरंच भागतं.

लॉस एंजेलिसच्या त्या एमडीएसवर २०२० मध्ये केस झाली होती, स्कूटर वापरणाऱ्यांनी केली, २०२२ मध्ये अपील कोर्टानं शहराच्या बाजूनं निकाल दिला, एक कारण असं की वापरणाऱ्यानं आपली जागा आपण होऊन कंपनीला दिलेलीच आहे. आपल्याकडं हे जसंच्या तसं लावू नकोस, इथं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हटलंय आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा पण आहे.

रस्त्याच्या कामाला मुळात माणूस लागतच नाही. "या दोन चौकांच्या मधल्या तुकड्यावरनं सकाळी आठ ते नऊ इतक्या गाड्या" एवढं पुरतं. तुकड्यातुकड्याची बेरीज मागायची, तासाच्या गटात, आणि जिथं बेरीज पाच-दहाच्या खाली असेल तिथं आकडा न देता "कमी" असं लिहायचं. कच्चे ठिपके पालिकेच्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर फिरायलाच नकोत.

कंबरतलाव_कट्टा

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ताई, पार्किंगच्या जागांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

पण मग माझी पंचाईत अशी की अ‍ॅपचा डेटा इथं नाही, असला तरी लूमवाले अण्णा म्हणतात तसा अर्धवट, मग प्रोजेक्टमध्ये लिहू काय? सरांना हीटमॅप पाहिजेच आहे, त्याशिवाय प्रेझेंटेशन होत नाही म्हणतात. आणि कंपनी आली तर काय मागायचं हे कुणीतरी एका ठिकाणी सांगाल का.

पुणेनाका_ते_पुणे

पंचाईत नाही, उलट यातच तुझा प्रोजेक्ट आहे. अ‍ॅपचा डेटा आणि हाताने केलेली मोजणी एकमेकांशी कशी ताडायची ही पद्धत सोलापूरसाठी लिहून दे. ती झाली तर उद्या डेटा येईल तेव्हा वापरता येईल, नाही आला तरी मोजणी वाया जात नाही.

कसं ते सांगतो. आठ-दहा जागा निवड, त्यात सात रस्ता आणि पार्क चौक घे पण अशोक चौक आणि अक्कलकोट रोड पण घे, शाळेजवळची एखादी घे. प्रत्येक जागी रस्त्यावर आडवी एक काल्पनिक रेघ धरायची आणि ती ओलांडणारी प्रत्येक सायकल आणि बारकी ई-स्कूटर मोजायची, पंधरा पंधरा मिनिटांच्या रकान्यात. २५ किमीच्या आतल्या वेगाच्या आणि २५० वॅटपर्यंतच्या ई-स्कूटरला लायसन्स लागत नाही, त्या आणि सायकली लेनवर एकत्रच येणार, म्हणून दोन्ही. रकाने करताना बाई की पुरुष, शाळेचं पोर, मागं ओझं आहे का आणि उलट्या दिशेनं आला का एवढं तरी ठेव. उलटं येणाऱ्याला शिव्या देऊ नकोस, तो कुठनं आला ते बघ, बहुतेक वेळा डिव्हायडरला फार लांबपर्यंत फट नसते म्हणून तो उलटा येतो आणि ही गोष्ट कुठल्याही अ‍ॅपपेक्षा तुझ्या कागदावर जास्त स्वच्छ दिसेल.

मग समजा पुढं अ‍ॅपच्या गाड्या आल्या. सात रस्त्याला तासाला २०० सायकली आणि त्यातल्या २० अ‍ॅपच्या, अशोक चौकात ३०० आणि त्यातल्या फक्त ३. (आकडे उदाहरणादाखल, कुठं छापू नकोस.) सात रस्त्याला अ‍ॅपचा आकडा दहापट केला की खरा आकडा येतो, अशोक चौकात शंभरपट. हे गुणक जर सगळीकडं साधारण सारखे आले असते तर अ‍ॅपच्या डेटावर शहरभर विसंबता आलं असतं. ते जिथं एवढे वेगळे येतात तिथं तो नकाशा कुणाचा आहे हे आपोआप कळतं. तुझा हीटमॅप म्हणून हाच काढ, गुणकांचा. सरांना रंग मिळतील आणि तुला मुद्दा मिळेल.

न मोजता हा गुणक कोणाकडंच नसतो, कंपनीकडं पण नाही. तिला तिच्याच गाड्या माहीत.

कराराचं म्हणशील तर बाकी कशाहीपेक्षा आधी हे, की डेटा परमिटची अट म्हणून मागायचा, नंतर मैत्रीत मागितला तर मिळत नाही. मी एका शहरासाठी काम करताना एका कंपनीनं "डेटा" म्हणून पीडीएफ पाठवली होती, त्यात नकाशाचं चित्र, खाली कंपनीचा लोगो. त्यावर पट्टी ठेवून मोजायचं का काय. तेव्हा फॉरमॅट नाव घेऊन लिहायचा, जीबीएफएस लोकांसाठी खुला आणि रस्त्याच्या तुकड्यांची तासवार बेरीज पालिकेसाठी, ताईंनी सांगितली तशी. हद्द आणि पार्किंगच्या जागा कधी बदलल्या त्याची नोंद. कंपनीच्या टेम्पोनं गाड्या इकडच्या तिकडं केल्या ती हलवाहलव वेगळी दाखवलेली, नाहीतर रात्री दोन वाजता चाळीस गाड्या एकदम प्रवासाला निघालेल्या दिसतात. पडल्या-घसरल्याच्या तक्रारी जागेसकट, कारण अपघात पोलिसात जाईपर्यंत फार मोठा झालेला असतो, छोटे घसरणे कुठंच नोंदले जात नाहीत आणि चौकाचं डिझाइन सुधारायला तेच लागतात.

आणि कंपनी निघून गेली तरी आतापर्यंतचा डेटा पालिकेकडं राहील हे पण. गंमत वाटेल पण पुण्यात २०१७ च्या अखेरीला शेअर सायकली सुरू झाल्या, एकामागून एक कंपन्या आल्या, ओफो ही चिनी कंपनी २०१८ मध्ये आली आणि त्याच वर्षी भारतातनंच गेली. पॅरिसनं तर २०२३ मध्ये मतदान घेऊन भाड्याच्या स्कूटर बंदच केल्या. ही वाहनं येतात तशी जातात. रस्ता वीस वर्षं राहतो.

जुनीमिल_पेन्शनर

हे मोजणीचं पटलं. आमच्या कट्ट्यावर सकाळी रिकामी बसलेली चौघं आहेत, सगळ्यांचे डोळे चांगले आहेत, एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पण झालंय. कागद छापून द्या, पार्क चौकाचं आम्ही बघतो. फक्त उलटे येणारे मोजायला वेगळी वही लागेल.

शेंगाचटणी_बेंगळुरू

काका 😄

एक सूचना, संध्याकाळी सातनंतरचा पण एक तास घ्या. बायकांचा आकडा सकाळी किती आणि अंधार पडल्यावर किती, याच्यातला फरक म्हणजे त्या रस्त्यावरच्या दिव्यांचा रिपोर्ट असतो. अ‍ॅपचा डेटा यात बहुतेक मुकाच असतो, पालिकेकडं येतो त्यात बाई-पुरुष हा रकानाच नसतो, आणि तो मागू पण नये. हे डोळ्यांनीच मोजायचं.

कंबरतलाव_कट्टा

ठरलं मग. फॉर्म करतो, इथं टाकतो, रकाने कमीजास्त सुचवा. जानेवारीत सुरू करू का? थंडी पण असेल.

पुणेनाका_ते_पुणे

जानेवारी नको रे. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा, नंदीध्वजांची मिरवणूक, त्या दिवसांत निम्म्या शहराची वाट वेगळी असते. तो रस्त्यांचा वेगळा अभ्यास होईल, हवा तर पुढच्या वर्षी कर. फेब्रुवारीत घे, मंगळवार ते गुरुवार, परीक्षा आणि ऊन दोन्ही सुरू व्हायच्या आत. आणि एक रविवार पण घे, नवी पेठेसाठी.

लूम_आणि_लुना

एमआयडीसीचं माझ्याकडं द्या, सकाळची पाळी भरताना मी असतोच. पोरांना पाठवलंत तर एक सांगून ठेवा, कारखान्याच्या गेटसमोर वही घेऊन उभं राहू नका. लेबर ऑफिसचा माणूस आलाय समजून अर्धे लोक मागच्या रस्त्यानं जातील आणि तुमचा डेटा गेला. वळणावर चहाच्या गाड्याशी उभं राहा, तिथनं दोन्ही बाजू दिसतात आणि कोण काही विचारत नाही.